वाल, निवडुंग आणि पाण्याची वेळ

माझी भाची सातवीत असताना शाळेने तिला एक तक्ता करायला सांगितला होता : वालाचे रोप आणि निवडुंग यांच्या गरजांची तुलना. प्रकाश, माती, खत, पाणी असे चार रकाने तिने आखले आणि पाण्याच्या रकान्यात वालापुढे 'जास्त' व निवडुंगापुढे 'कमी' असे लिहून मला दाखवले. मी मान डोलावली. त्या वेळी मलाही एवढेच ठाऊक होते.

पुढच्या पावसाळ्यात आईचा निवडुंग माझ्या हातून गेला. पुण्यातल्या आमच्या गॅलरीत, एका फुटक्या बादलीत, विटांचे तुकडे आणि वाळू घालून आईने तो अठरा वर्षे सांभाळला होता. ती गेली त्या वर्षी मी हौसेने त्याला मोठी कुंडी आणली, त्यात तांबडी माती आणि शेणखत भरले, शेजारच्या कुंडीत वाल पेरले आणि दोघांना रोज सकाळी पाणी घालू लागलो. वालाला तांब्याभर, निवडुंगाला 'कमी' म्हणून वाटीभर. गणपतीपर्यंत निवडुंगाचा बुंधा मऊ आणि काळा पडला. तक्त्याबरहुकूम सगळे केले होते, तरी झाड मेले. मग मी वनस्पतिशास्त्राची पुस्तके उघडली. त्या शास्त्राचे रीतसर शिक्षण मला नाही, त्यामुळे काही पाने चार-चारदा वाचावी लागली.

आधी वालाचे पाहू, कारण तक्त्यातली पहिली चूक तिथेच आहे. आईचे माहेर रोह्याकडचे. रायगड जिल्ह्यात भाताची कापणी झाली की त्याच खाचरांत वाल पेरतात. पाऊस संपलेला असतो आणि बहुतेक ठिकाणी पाटाचे पाणी नसते. पीक जमिनीत उरलेल्या अंगओलावर वाढते, थंडीत शेंगा धरते आणि गावोगाव पोपटीची मडकी लागतात. 'जास्त पाणी' लागणारे हे झाड पेरणीपासून काढणीपर्यंत अनेकदा एकही पाणी न घेता उभे राहते!

याचे मर्म शेतकऱ्याच्या एका शब्दात आहे : वाफसा. मातीच्या कणांभोवती ओलाव्याचा पातळ थर आहे आणि कणांमधल्या पोकळ्यांत हवा आहे, अशी ती अवस्था. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. चिखलात पोकळ्या पाण्याने भरतात आणि मुळे गुदमरतात. वाळक्या ढेकळात हवा असते, पण ओल नसते. वालाचे सोटमूळ वाफशावर रुजते आणि ओल जसजशी खाली सरकते तसतसे तिच्या मागे खाली जाते. डाळिंब्यांसाठी वाल भिजवणाऱ्या प्रत्येक घरात हेच घडते. भिजलेले वाल उपसून फडक्यात बांधले तर लांब मोड येतात. पाण्यातच बुडवून ठेवले तर वास मारतो. बी आपली शिदोरी दोन दळांत घेऊनच निघालेले असते. सुरुवातीला त्याला खत लागत नाही, ओल आणि हवा मात्र एकाच वेळी लागतात.

नंतरही वालाची खताची मागणी थोडी असते. त्याच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर पुरवते. जोमात काम करणारी गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी दिसते. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका भाऊबंदाचा असतो. मातीत युरिया भरपूर टाकला तर झाड या गाठींवर साखर खर्च करत नाही, गाठी कमी धरतात. पाणी साचले तर त्या कामातून जातात.

आता निवडुंगाकडे येण्याआधी नावाचा एक घोळ सोडवायला हवा. मराठीत आपण ज्यांना निवडुंग म्हणतो त्यांतले कित्येक निवडुंगाच्या कुळातले नाहीतच. कुंपणाला लावलेला, कापला की पांढरा चीक गळणारा तो युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातला. खरा निवडुंग अमेरिका खंडातला. आपला फड्या निवडुंग तिथूनच आला. त्याला चीक नसतो आणि काटे लहान गादीसारख्या ठिपक्यांतून उगवतात. दोन वेगळ्या कुळांनी दोन खंडांत कोरड्या हवेवर जवळजवळ एकच रूप शोधून काढले, याचे मला अजूनही नवल वाटते. फड्याची हिरवी 'पाने' म्हणजे खोड आणि काटे म्हणजे पानांचे रूपांतर. नव्या कोवळ्या फड्यावर बारीक शंकूसारखी खरी पाने दिसतात आणि थोड्या दिवसांत गळून पडतात.

दोन्ही झाडांना अन्न करायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो आत घ्यायचा तर पर्णरंध्रे उघडावी लागतात. दार उघडले की आतले पाणी बाहेर जाते. वाल हे दार दिवसा उघडतो. वालासारखी झाडे एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावतात. निवडुंग दिवसा दार लावून घेतो आणि रात्री, हवा गार झाल्यावर उघडतो. त्याचा खर्च ५० ते १०० ग्रॅम. पण रात्री ऊन नसते. म्हणून आलेला वायू तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दार बंद ठेवून, उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतो.

या रात्रपाळीचा एक पुरावा भारतातच, जिभेवर मिळाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीसाठी लिहिलेल्या पत्रात कळवले की पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट. पानफुटी निवडुंग नव्हे, पण रात्रपाळी तीच. आमच्या गॅलरीत पानफुटी आहे, म्हणून मीही चाखून पाहिले. सकाळी सहाला कैरीच्या सालीसारखे आंबट लागले, दुपारी दोनला नुसते पाणचट. मेक्सिकोत निवडुंगाच्या कोवळ्या फड्यांची भाजी करतात. तिथेही सकाळी काढलेला फडा दुपारच्यापेक्षा आंबट असतो.

रात्रपाळीची किंमत आहे. एका रात्रीत जेवढे आम्ल साठेल तेवढेच दुसऱ्या दिवशीचे काम. ॲरिझोनातला सग्वारो निवडुंग पहिल्या आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतो. तेवढ्या काळात वालाच्या आठ पिढ्या बी धरून मोकळ्या होतात.

म्हणून निवडुंग विरक्त आहे असे मात्र समजू नये. पाऊस पडला की तो अधाशासारखा पितो. त्याची मुळे खोल नसतात, उथळ आणि दूरवर पसरलेली असतात. माती भिजली की त्यांना काही तासांत बारीक तंतुमुळे फुटू लागतात, फडे फुगतात आणि माती वाळली की ही नवी मुळे झडतात. मग तो साठ्यावर जगतो. म्हणजे त्याला हवे ते एकदम भरपूर पाणी, आणि त्यानंतर पूर्ण कोरडे दिवस. माझी रोजची वाटी मोजायला कमी होती, पण तिने माती एकही दिवस वाळू दिली नाही. पावसाळ्यातली दमट हवा आणि ओल धरून ठेवणारे शेणखत यांनी उरलेले काम केले. मुळे गुदमरली, मग बुरशीला वाट मिळाली. आईची फुटकी बादली ही खरे तर अचूक कुंडी होती.

प्रकाशाच्या रकान्यात मात्र दोघांपुढेही 'भरपूर' लिहिले होते, ते बरोबर होते. सावलीत वाल लांबुळका होतो आणि निवडुंग बारीक, फिकट.

एक रकाना तक्त्यात नव्हताच : शत्रूंचा. निवडुंग भारतात माजला तो नुसत्या काटकपणामुळे नव्हे. त्याला खाणारे किडे मागे अमेरिकेतच राहिले होते. १७९५ साली लाल रंगासाठी कोचिनील किडा म्हणून ब्राझीलहून इथे जो आणला गेला तो भलताच निघाला. रंग काही जमला नाही, पण त्या किड्याने एका जातीचा निवडुंग मोठ्या प्रदेशांतून खाऊन संपवला. दुसऱ्या एका जातीसाठी १९२६ मध्ये त्याच्या भाऊबंदाला मुद्दाम दक्षिण भारतात आणावे लागले.

कुजलेल्या झाडाचा वरचा एक फडा अजून कडक होता. तो कापून मी पंधरा दिवस माळ्यावर नुसता ठेवला. जखम सुकून तिच्यावर खपली धरल्याशिवाय तो मातीत लावायचा नसतो, हे एव्हाना वाचले होते. बादली अडगळीतून परत काढली, खाली विटांचे तुकडे घातले. फडा लावल्यावर पहिला आठवडा पाणी दिले नाही. सकाळी हात तांब्याकडे जायचा, तो आवरावा लागे. शेजारच्या कुंडीतल्या वालाला तेव्हा शेंगा धरल्या होत्या.