केळीचा व्यापार आणि कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व

उद्योगसंस्थेची समाजाविषयी काही जबाबदारी आहे काय, आणि असल्यास तिची मर्यादा कोठवर मानावी, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकांस नवा नाही. हॉवर्ड बोवेन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्यावसायिकाच्या सामाजिक कर्तव्याची पद्धतशीर मांडणी केली. पुढे १९७० साली मिल्टन फ्रीडमन यांनी नेमकी उलट भूमिका घेतली. नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढविणे हेच व्यवसायाचे एकमेव सामाजिक कर्तव्य होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा वाद तत्त्वाच्या पातळीवर कितीही चालविता येईल; परंतु त्याची खरी कसोटी एखाद्या प्रत्यक्ष उद्योगाच्या व्यवहारातच लागते. ताज्या फळांचा उद्योग, आणि त्यातही मध्य अमेरिकेतील केळीचा व्यापार, या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

केळे हे नाशवंत फळ. ते हिरवे असतानाच कापावे लागते, ठराविक तापमानात सागरापार न्यावे लागते आणि विक्रीच्या देशात पोहोचल्यावर पिकवावे लागते. यामुळे मळा, रेल्वे, बंदर आणि शीतगृहयुक्त जहाज ही सर्व साधने एकाच्याच हाती असणे व्यापाराच्या सोयीचे ठरले. १८९९ साली स्थापन झालेल्या युनायटेड फ्रूट कंपनीने नेमके हेच साधले. परंतु ज्या छोट्या देशांत रेल्वे, बंदर आणि मोठा रोजगार या तिन्ही गोष्टी एकाच परकीय कंपनीच्या ताब्यात जातात, तेथे कंपनी आणि शासन यांच्यातील सीमारेषा पुसट होऊ लागते. १९२८ साली कोलंबियातील सिएनागा येथे संपावर गेलेल्या केळीच्या मळ्यांतील मजुरांवर सैन्याने गोळीबार केला. मृतांच्या संख्येविषयी आजही मतभेद आहेत. ग्वाटेमालात १९५२ च्या जमीनसुधारणा कायद्यान्वये कंपनीची पडीक जमीन शासनाने घेतली, तेव्हा भरपाईसाठी कंपनीने करआकारणीकरिता स्वतः नोंदविलेले मूल्यच आधारभूत धरण्यात आले. ते अर्थातच अत्यल्प होते. १९५४ साली अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या साहाय्याने आर्बेन्झ यांचे शासन उलथविण्यात आले आणि ही सुधारणा तेथेच थांबली. उत्तरदायित्वाची चर्चा या पार्श्वभूमीवरच करावयास हवी.

पर्यावरणाच्या प्रश्नाचे मूळ मात्र राजकारणापेक्षा शेतीच्या पद्धतीत आहे. दूरच्या बाजारपेठेस एकाच आकाराचे, एकाच वेळी पिकणारे आणि डाग नसलेले फळ हवे असते. त्यासाठी शेकडो एकरांवर एकाच वाणाची लागवड होते. खाण्याच्या केळीत बी नसते. प्रत्येक झाड मुनव्यापासून वाढविलेले असते. म्हणून मळ्यातील सर्व झाडे आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकरूप असतात आणि एका झाडास बाधणारा रोग सर्वांस बाधतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रो मिशेल या वाणावर पनामा रोग पसरला. त्याची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहते. त्यावर उपाय न सापडल्याने कंपन्या जुने मळे सोडून नवे अरण्य तोडीत गेल्या. या रोगाच्या तत्कालीन प्रकारास दाद न देणारा कॅव्हेंडिश वाण आल्यावर हे संकट टळले. परंतु एकाच वाणावर विसंबण्याची पद्धत बदलली नाही. १९७२ पासून मध्य अमेरिकेत पसरलेल्या काळ्या सिगाटोका या पानांच्या रोगाने हा वाणही ग्रासला. तेव्हापासून विमानातून बुरशीनाशके फवारण्याचा क्रम सुरू झाला, आणि काही भागांत ही फवारणी वर्षातून चाळीसपेक्षा अधिक वेळा करावी लागते. २०१९ साली पनामा रोगाचा नवा प्रकार कोलंबियातही आढळला; त्यापुढे कॅव्हेंडिशही निरुपाय आहे.

या रासायनिक शेतीचा भार कोणी वाहिला, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. मुळांवरील सूत्रकृमींसाठी डीबीसीपी नावाचे द्रव्य वापरात होते. १९७७ साली कॅलिफोर्नियातील ते तयार करणाऱ्या एका कारखान्यातील कामगारांत वंध्यत्व आढळले, आणि १९७९ पर्यंत अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्याचा वापर थांबविण्यात आला. अन्य देशांतील केळीच्या मळ्यांत मात्र तो त्यानंतरही काही काळ चालू राहिला, आणि हजारो मजुरांचे दावे पुढे कित्येक वर्षे न्यायालयांत लोंबकळत राहिले. दुसरे उदाहरण क्लोरडेकोनचे. अमेरिकेत १९७० च्या दशकातच बंद झालेले हे कीटकनाशक फ्रान्सने १९९० साली निषिद्ध केले. परंतु मार्टिनिक व ग्वाडेलूप या बेटांवरील केळीच्या मळ्यांत ते १९९३ पर्यंत वापरण्याची मुभा देण्यात आली. आज तेथील प्रौढ लोकसंख्येपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांच्या रक्तात त्याचा अंश सापडतो. दोन्ही ठिकाणी धोका ज्ञात झाल्यानंतरचा वापर हाच आक्षेपाचा खरा विषय आहे. एका देशात कायद्याने जे घातक ठरले, ते दुसऱ्या देशात केवळ कायदा आड येत नाही म्हणून चालू द्यावे काय? फ्रीडमन यांच्या 'नियमांच्या चौकटी'ची अपूर्णता येथे उघड होते.

कंपन्यांच्या धोरणातील बदलाचा आरंभ १९९० च्या सुमारास झाला. युनायटेड फ्रूटची वारस असलेल्या चिकिता कंपनीने १९९२ साली कोस्टा रिकात रेनफॉरेस्ट अलायन्स या संस्थेच्या निकषांनुसार मळ्यांची तपासणी करून घेण्यास प्रारंभ केला. नवी जंगलतोड न करणे, नदीकाठी वृक्षांचा पट्टा राखणे, घडांवरील प्लॅस्टिकच्या पिशव्या गोळा करणे, धुण्याच्या पाण्यातील गाळ व चीक वेगळा करणे आणि फवारणाऱ्या मजुरांस संरक्षक साधने देणे, अशा अटी त्यात होत्या. २००० सालापर्यंत लॅटिन अमेरिकेतील कंपनीच्या मालकीचे सर्व मळे या निकषांस उतरले. २००१ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय अन्न व शेती कामगार महासंघ आणि लॅटिन अमेरिकेतील केळी कामगारांच्या संघटना यांच्याशी कंपनीने करार केला, व संघटनास्वातंत्र्य आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क मान्य केला. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली पुनर्रचनेस गेली, तरीही हे कार्यक्रम सोडून देण्यात आले नाहीत. ही गोष्ट कंपनीच्या बाजूने नोंदविणे न्याय्य होईल.

परंतु याच काळातील दुसरी वस्तुस्थिती तितकीच निर्विवाद आहे. १९९७ ते २००४ या काळात याच कंपनीच्या कोलंबियातील शाखेकडून तेथील एका सशस्त्र निमलष्करी संघटनेस सतरा लाख डॉलरांहून अधिक रक्कम देण्यात आली. अमेरिकेने २००१ साली ती संघटना दहशतवादी म्हणून घोषित केल्यानंतरही ही देणी थांबली नाहीत. २००७ साली कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला व अडीच कोटी डॉलरांचा दंड भरला. आपल्या कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी खंडणी द्यावी लागली, असे कंपनीचे म्हणणे होते. २०२४ साली फ्लोरिडातील ज्यूरीने ते मान्य न करता, त्या संघटनेने ठार केलेल्या आठ जणांच्या कुटुंबीयांस एकूण तीन कोटी त्र्याऐंशी लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. नदीकाठी झाडे लावणारी आणि बंदूकधाऱ्यांस पैसे देणारी कंपनी एकच होती. यावरून प्रमाणपत्रे खोटी होती असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. प्रमाणपत्र ज्या गोष्टी तपासते त्यांचीच ग्वाही देते, इतकाच त्याचा अर्थ आहे. तपासणीच्या यादीबाहेर जे राहते त्याविषयी ते मौन पाळते; वाचक मात्र त्या मौनासही संमती समजतो.

दुसरी मर्यादा किंमतीची. युरोपातील मोठ्या साखळी-दुकानांत केळे ग्राहकास आकर्षित करण्यासाठी स्वस्त ठेवले जाते, आणि त्या स्वस्ताईचा दाब क्रमाक्रमाने खाली सरकत मळ्यावरील मजुरीपर्यंत पोहोचतो. निकष पाळण्याचा खर्च उत्पादकाने सोसावा आणि त्याचे श्रेय विक्रेत्याने घ्यावे, अशी स्थिती यातून निर्माण होते. १९९६ साली नेदरलँड्समध्ये प्रथम विक्रीस आलेल्या न्याय्य व्यापाराच्या केळीने यावर एक उत्तर सुचविले. त्या पद्धतीत किमान किंमत ठरलेली असते, आणि १८.१४ किलोच्या प्रत्येक पेटीमागे एक डॉलर अधिक रक्कम उत्पादकांच्या वा मजुरांच्या सामुदायिक कार्यासाठी दिली जाते. येथे जबाबदारीला प्रथमच आकडा लाभला. स्वेच्छेच्या पलीकडे जाऊन फ्रान्सने २०१७ साली मोठ्या कंपन्यांवर पुरवठासाखळीतील दक्षतेचे कर्तव्य कायद्याने लादले. युरोपीय संघानेही २०२४ साली तशाच आशयाचा निर्देश स्वीकारला. परंतु पुढच्याच वर्षी त्याच्या अंमलबजावणीची मुदत पुढे ढकलण्यात आली.

महाराष्ट्रातील फळबागाईतीची रचना निराळी आहे. जळगावच्या केळीचा किंवा नाशिकच्या द्राक्षाचा मालक सहसा परकीय कंपनी नसून गावातीलच शेतकरी असतो. तरीही हा प्रश्न येथे अप्रस्तुत नाही. २०१० साली महाराष्ट्रातील द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश युरोपीय मर्यादेपेक्षा अधिक आढळला आणि निर्यातदार व बागायतदार अडचणीत आले. निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत त्या द्रव्याचा समावेशच नव्हता. यादीबाहेरील गोष्ट अदृश्य राहते, या नियमाचे हे दुसरे उदाहरण होय. शिवाय अंशमर्यादेचे निकष खाणाऱ्याचे रक्षण करतात. औषध कालविणाऱ्या व फवारणाऱ्या मजुराचे रक्षण त्यांत आपोआप साधत नाही. काढणीपूर्वी पुरेसे दिवस गेले की फळ निर्दोष ठरते, मात्र मजुराच्या अंगावर पडलेले औषध तेवढ्याने पुसले जात नाही.

या विवेचनावरून कोणत्याही कंपनीच्या उत्तरदायित्वाच्या दाव्यास तीन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. तपासणीच्या यादीत काय आहे, यापेक्षा तिच्या बाहेर काय आहे? तपासणाऱ्याची नेमणूक आणि मोबदला कोणाकडे आहे, व मजुरांच्या संघटनेस त्यात काही स्थान आहे काय? आणि निकष पाळण्याचा खर्च शेवटी कोणाच्या वाट्यास येतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कंपनीच्या वार्षिक अहवालात कधीकधी मिळतात. तिसऱ्याचे उत्तर मळ्यावरील मजुरीच्या हिशेबातच शोधावे लागते, आणि संशोधनाचे खरे क्षेत्रही तेच आहे.