पंढरीचं दार सर्वांसाठी

माकणी गावाहून आषाढीला पंढरपूर गाठणाऱ्या वारकऱ्याला विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवताना आज कुणी जात विचारत नाही. १९४७पर्यंत मात्र दलित भक्तांना संत चोखोबांच्या समाधीपाशी, राउळाबाहेरच थांबावं लागे.

साने गुरुजींना हे सलत होतं. आधी महाराष्ट्रभर फिरून त्यांनी गावोगावच्या विहिरी, मंदिरं खुली करण्याचं आवाहन केलं. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभलं. आधार होता संतांच्या समतेचा. मंदिरप्रवेश मान्य झाल्यावर उपोषण सुटलं.

अमेरिकेतही धर्मश्रद्धेनं समतेच्या लढ्याला असंच बळ दिलं. १९५७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि सहकारी धर्मोपदेशकांनी सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स स्थापली. चर्चच्या आधारानं तिनं वर्णभेदाविरुद्ध, मतदानाच्या हक्कासाठी अहिंसक लढे उभारले.