शिखरावरची मुलगी

अर्जेंटिना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो मॅराडोना, नाहीतर टँगो आणि ब्यूनॉस आयर्सचे रुंद रस्ते. साल्ताचं नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं. राजधानीपासून रस्त्यानं सुमारे दीड हजार किलोमीटरवर, देशाच्या वायव्य टोकाला, डोंगरांनी वेढलेल्या लेर्मा खोऱ्यात हे शहर वसलं आहे. त्याच नावाच्या प्रांताची ही राजधानी. उंची महाबळेश्वरपेक्षा थोडी कमी, त्यामुळे हवा सुखाची. गावकरी त्याला कौतुकानं 'साल्ता ला लिंदा', म्हणजे 'सुंदर साल्ता' म्हणतात. सान बर्नार्दो टेकडीवर रोपवेनं जाऊन खाली पाहिलं, की हे कौतुक आपल्यालाही पटतं.

एर्नान्दो दे लेर्मा या स्पॅनिश गव्हर्नरानं १५८२ साली हे गाव वसवलं. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या चांदीच्या खाणींना खेचरं लागत. दक्षिणेच्या गवताळ मैदानांतून ती हाकत आणायची, या खोऱ्यातल्या कुरणांवर पोसायची आणि बाजार भरवून विकायची, हा साल्ताचा मोठा धंदा. इथले लाकडी सज्ज्यांचे जुने वाडे खेचरांच्या पाठीवर उभे राहिले, असं म्हटलं तरी चालेल!

गावाचा वीरपुरुष मार्तिन मिगेल दे ग्वेमेस. स्पेनच्या फौजा उत्तरेकडून चालून येत, तेव्हा त्यानं गाऊचो म्हणजे गुराखी घोडेस्वारांना हाताशी धरलं. समोरासमोरची लढाई टाळायची, डोंगराआडून छापा घालायचा आणि शत्रूची रसद तोडायची. हा सगळा प्रकार ऐकताना मराठी माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. १८२१ साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, तो जखमी होऊन गेला. काळ्या पट्ट्यांचा लाल पोंचो आजही त्याच्या गाऊचोंची आठवण म्हणून मिरवला जातो.

मला मात्र जास्त भावली ती त्याआधीची एक गोष्ट. २० फेब्रुवारी १८१३ रोजी जनरल बेलग्रानो यानं इथे स्पॅनिश सैन्याचा पराभव केला. लढाईनंतर दोन्ही बाजूंच्या मृतांना एकाच कबरीत पुरलं आणि वर क्रूस उभारला, 'विजेत्यांना आणि पराभूतांना' असं लिहून. मेल्यावर वैर कसलं, हे आपल्याकडेही म्हणतात. तिथे ते अमलात आणलेलं दिसलं.

जेवणाचंही सांगायला हवं. एम्पानादा ही आपल्या करंजीची तिखटमिठाची बहीण. आत सुरीनं बारीक कापलेलं मांस, बटाटा, कांद्याची पात, आणि चक्क जिरं! शाकाहाऱ्यांनी हिरमुसू नये. कोवळा मका वाटून, चीज घालून, कणसाच्याच पानात बांधून उकडलेला हुमिता मिळतो. पान उलगडताना पातोळ्यांची आठवण येते.

गावाचं हृदय म्हणजे नऊ जुलै चौक. संत्र्याची झाडं, कमानींचे व्हरांडे, एका बाजूला गुलाबी कॅथेड्रल. १६९२ च्या सप्टेंबरात मोठा भूकंप झाला तेव्हा ख्रिस्ताची मूर्ती मिरवणुकीनं बाहेर काढली आणि धरणी शांत झाली, अशी श्रद्धा आहे. दर १५ सप्टेंबरला हा उत्सव होतो. डोंगरांतल्या दूरच्या वस्त्यांतून माणसं कित्येक दिवस पायी चालत येतात. वारी पाहिलेल्याला त्यातलं बळ कळेल.

याच चौकात २००४ साली उघडलेलं पर्वतीय पुरातत्त्वाचं संग्रहालय आहे. १९९९ च्या मार्चमध्ये योहान राइनहार्ड आणि कोन्स्तान्सा सेरुती यांच्या मोहिमेला युयाइयाको या ६,७३९ मीटर उंचीच्या ज्वालामुखीच्या शिखरावर तीन मुलं सापडली. इंका काळात, सुमारे पाचशे वर्षांपूर्वी, देवाला अर्पण केलेली. थंडीनं त्यांचे देह जसेच्या तसे राखले. एका वेळी एकच देह, शून्याखाली वीस अंश तापमानात, काचेआड ठेवतात. आम्ही गेलो तेव्हा थोरल्या मुलीची पाळी होती.

वय तेरा ते पंधरा. मांडी घालून बसलेली, मान किंचित कललेली, केसांच्या बारीक बारीक वेण्या. आत्ता डोळा लागला असावा असं वाटतं. तिच्या केसांवरचं संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झालं. केस वाढत जातात तसा आहाराचा माग त्यांत राहतो. शेवटच्या वर्षात तिला चांगलंचुंगलं खायला मिळू लागलं होतं, कोकाची पानं वाढली होती, आणि अखेरच्या आठवड्यांत मक्याची दारू फार वाढली होती. म्हणजे तयारी वर्षभर चालली होती. तिला ते ठाऊक होतं का? त्या खोलीत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

या मुलांचं प्रदर्शन मांडू नये, असं इथल्या काही आदिवासी समाजांचं म्हणणं आहे. आदिवासींच्या पूर्वजांचे अवशेष मागणी केल्यास त्यांच्या समाजाच्या हवाली करावेत, असा अर्जेंटिनाचा २००१ चा कायदाही आहे. आमची वाटाडी उंच पठारावरच्या कुटुंबातली. ती दारापर्यंत आली आणि थांबली. म्हणाली, "माझी आजी इथे कधीच आली नाही. घरात पोर निजलेलं असताना परक्यांनी डोकावायचं नसतं, असं ती म्हणते."

शास्त्रज्ञांमुळे त्या मुलीचं शेवटचं वर्ष आपल्याला कळलं, हे खरं. एरवी ती एक अनाम बळीच राहिली असती. पण कळून झाल्यावरही तिला दिव्याखाली बसवून ठेवायचं का? ज्या गावानं शत्रूलाही आपल्या कबरीत जागा दिली, त्या गावाला याचं उत्तर अवघड जाऊ नये. तिला पुन्हा तिच्या डोंगराच्या अंधारात नेऊन ठेवलं, तर मला वाटतं, साल्ताचं सौंदर्य काही कमी होणार नाही.