पुरुमेंताची मासळी आणि घरातला फ्रीझर: बंदीच्या दोन महिन्यांसाठी माहिती



१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटी किनाऱ्यावर. आपलं जुनं पुरुमेंत म्हणजे सुके बांगडे, सुकी सुंगटं, खारवलेली मोरी. ते अजून आहेच, पण आता मे संपता संपता घराघरात फ्रीझरही भरतो. शेवटच्या फेरीची मासळी आणली, पिशवीसकट आत कोंबली, आणि जुलैत काढली तर बांगडा खवट, इसवण भुसभुशीत. मग फ्रीजच्या नावाने बोटं मोडायची. बहुतेक वेळा चूक मासळी आत जायच्या आधीच झालेली असते.

फ्रीझर मासळी ताजी करत नाही

फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ थांबते. मासळी ज्या अवस्थेत आत गेली, त्याच अवस्थेत बाहेर येते. त्याहून बरी कधीच नाही. म्हणून दिवसभर उन्हात राहून उरलेली मासळी "निदान फ्रीझरमध्ये तरी टाकूया" असं करू नका.

बांगडा, तारली, इसवण आणि कुपा यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. ही मासळी बर्फाविना राहिली की तिच्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते गोठवून जात नाही, तळून जात नाही, आमटी कितीही उकळली तरी जात नाही. वासावरून दर वेळी कळतंच असंही नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, छातीत धडधडतं, उलटी-जुलाब होतात. लोकांना वाटतं मासळीची ॲलर्जी आहे. असं झालं तर डॉक्टरकडे जा आणि कुठली मासळी खाल्ली ते सांगा. उपाय एकच: जाळं वर आल्यापासून मासळी बर्फात. आपल्या हवेत मासळीइतकाच बर्फ धरून चला.

गोठवायची कशी

१. कल्ले आणि पोटातली घाण काढा. जंतू जास्त तिथेच असतात. धुवायला पिण्याचं स्वच्छ पाणी घ्या, जेटीवरचं नको.

२. आधी बर्फात चांगली गार करा, पाणी निथळू द्या, मगच फ्रीझरमध्ये.

३. एका वेळच्या जेवणापुरत्या चपट्या पुड्या करा. जाड गोळा आतून हळू गोठतो. हळू गोठलं की मासात बर्फाचे मोठे कण होतात आणि ते मास फाडतात. काढल्यावर पाणी सुटतं आणि तुकडी भुसभुशीत लागते, त्याचं कारण हे.

४. एका दिवसात दोन किलोच्या वर नवी मासळी घालू नका. पाच-सहा किलो एकदम घातली तर आधीची गोठलेलीही नरम पडते.

५. बाजारातली काळी पातळ पिशवी नको. खाण्याच्या वस्तूंसाठी असलेली जाड पिशवी किंवा झाकणाचा डबा घ्या. पिशवीतली हवा दाबून काढा. हवा राहिली की मासळी वाळते आणि पांढरे डाग पडतात.

६. सुंगटं डब्यात घालून बुडतील एवढं पाणी ओता आणि तशीच गोठवा. बांगडा गोठल्यावर बर्फाच्या पाण्यात एकदा बुडवून परत ठेवा. वर बर्फाचं पातळ कवच येतं, हवा लागत नाही.

७. पिशवीवर तारीख लिहा. गळाचं आमिष खाण्याच्या मासळीसोबत ठेवू नका.

किती दिवस टिकते

फ्रीझर उणे १८ अंशांवर हवा. तिथे बांगडा, तारली, इसवण यांसारखी तेलकट मासळी दोन ते तीन महिने चांगली राहते. लेपे, पापलेट सहा महिन्यांपर्यंत, सुंगटं तीन ते सहा महिने. तेलकट मासळी लवकर खवट होते, कारण गोठल्यावरही तिचं तेल हवेने बिघडत राहतं. म्हणून आधी बांगडे संपवा, पापलेट मागे ठेवा.

एका दाराच्या साध्या फ्रीजमधला बर्फाचा खण उणे १८ पर्यंत पोचतोच असं नाही. उणे १२ असेल तर महिनाभर, उणे ६ असेल तर आठवडाभरच धरा. फ्रीझरमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. दारावरचे स्टार विजेच्या बचतीचे असतात, थंडीचे नाहीत.

वीज गेली तर

दार उघडू नका. गच्च भरलेला मोठा फ्रीझर बंद दाराने साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. एका दाराच्या फ्रीजमधला खण त्याहून बराच कमी. खालच्या भागातली मासळी चार तासच धरा. रिकामी जागा असेल तिथे पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. वर थोडी जागा सोडा, नाहीतर फुटतील.

घर बंद करून गावाला जाताना वाटीत पाणी गोठवा आणि वर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाला दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं. ती मासळी टाका. वितळताना पकडलीत, मासळीत अजून बर्फाचे कण आहेत आणि ती थंडगार आहे, तर पुन्हा गोठवता येते. चव मात्र उतरते.

वीज आल्या आल्या फ्रीज लावू नका, पाच मिनिटं थांबा. कॉम्प्रेसर वाचतो.

बर्फ साचला तर सुरी नको

पावसाळ्यात हवा दमट. दार उघडलं की ती आत जाते आणि भिंतीवर बर्फ साचतो. थर अर्ध्या सेंटीमीटरवर गेला की थंडी नीट लागत नाही आणि बिल वाढतं. मासळी बर्फाच्या पेटीत काढा, स्विच बंद करून प्लग काढा, दार उघडं ठेवा, आत गरम पाण्याचं भांडं ठेवा. सुरी, स्क्रूड्रायव्हर, कोयता लावू नका. भिंतीतली नळी पातळ असते. भोक पडलं की गॅस जातो आणि दुरुस्ती महाग पडते. आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए गॅस असतो, तो पेट घेतो. "फुस्स" आवाज आला तर गॅसची शेगडी बंद करा, खिडक्या उघडा, कुठलंही बटण दाबू नका, मेकॅनिकला बोलवा.

साफसफाई

• महिन्यातून एकदा एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून आतून पुसा. वास राहिला तर कोळशाचे तुकडे वाटीत ठेवा.

• दाराच्या रबरात कागद अडकवून दार लावा. कागद सहज ओढला गेला तर रबर सैल आहे. आधी धुऊन बघा, नाहीतर बदला.

• मागच्या बाजूला वीतभर जागा सोडा. खाऱ्या हवेने जाळी गंजते. प्लग काढून कोरड्या ब्रशने धूळ काढा.

• मागे खाली पाण्याचा ट्रे असतो. आठवड्यातून एकदा रिकामा करून घासा. डेंग्यूचे डास त्यात अंडी घालतात.

• ओल्या हातांनी, अनवाणी फ्रीजला हात लावू नका. हाताला झिणझिण्या आल्या तर अर्थिंग तपासल्याशिवाय वापरू नका.

काढताना

आदल्या रात्री मासळी खालच्या भागात, ताटात ठेवा. ओट्यावर दिवसभर ठेवली तर वरून गरम, आतून बर्फ, आणि थांबलेले जंतू परत वाढू लागतात. घाई असेल तर पिशवी न उघडता गार पाण्यात बुडवा आणि लगेच शिजवा.

बंदीच्या काळात घरची साठवलेली मासळी शेजारी विकणाऱ्या सभासदांनी तर हे नक्की पाळावं. आपल्या हातची मासळी खाऊन कुणी आजारी पडलं, तर ऑगस्टमध्ये ताजी आणली तरी गिऱ्हाईक दोनदा विचार करील. घरात फ्रीझर जो भरतो, त्याच्यापर्यंत ही माहिती पोचवा.