बाळाची धाप: ब्राँकिओलायटिसविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

ब्राँकिओलायटिस म्हणजे फुप्फुसांतल्या सर्वांत बारीक श्वासनलिकांना विषाणूमुळे येणारी सूज. बहुतेक वेळा हा विषाणू आरएसव्ही असतो. दोन वर्षांखालच्या, त्यातही सहा महिन्यांखालच्या बाळांना त्रास अधिक. आधी साधी सर्दी, मग दोन-तीन दिवसांत खोकला, घरघर आणि धाप.

‘आईने केळे, दही खाल्ले म्हणून बाळाची छाती भरली,’ हा समज पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांत आहे, तसा चाकणच्या कामगार खोल्यांतही. आईच्या जेवणाचा इथे काहीही संबंध नाही. विषाणू येतो तो घरातल्याच कुणाच्या शिंकेतून, खोकल्यातून, हातांवरून. सेकंड शिफ्ट करून आलेल्या, नाक गळणाऱ्या बापाने हात साबणाने धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये. पावसाळ्यात आणि थंडीच्या तोंडावर तर मुळीच नाही.

वेखंड-ओव्याच्या धुरीने छाती मोकळी होत नाही. धुराने सूज आणखी चिडते. अँटिबायोटिकचा विषाणूवर परिणाम होत नाही. घरघर ऐकली की नेब्युलायझर, हेही सरसकट बरोबर नाही. दम्यात नलिकांचे स्नायू आवळलेले असतात आणि नेब्युलायझरमधल्या औषधाने ते सैल होतात. इथे वाट अडते ती सुजेने आणि चिकट स्रावाने.

खोकल्याचे औषध तर टाळावेच. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५मध्ये छिंदवाड्यात विषारी सिरपमुळे मुले दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, असे स्पष्ट सांगितले.

मग करायचे काय? नाकात सलाइनचे थेंब टाकावेत आणि थोडे थोडे, पण वरचेवर अंगावर पाजावे. ‘कफ वाढेल’ म्हणून दूध तोडणे घातक आहे.

सर्वांत मोलाचे काम श्वास मोजण्याचे. बाळ शांत असताना अंगावरचे कपडे वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट पाहावी. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५० आणि त्यापुढे ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धाप. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने अल्पशिक्षित गावकऱ्यांनाही हे मोजायला शिकवले; ते कुठल्याही आईला जमते.

धाप दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळसर झाले असतील, श्वास मध्येच थांबत असेल किंवा बाळ दूध ओढेनासे झाले असेल, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ला फोन करावा किंवा थेट मोठे रुग्णालय गाठावे. तिथे गरजेनुसार ऑक्सिजन आणि नळीवाटे दूध किंवा सलाइन दिले जाते. बहुतेक बाळे काही दिवसांत घरी येतात, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो.