खोक्यावरचे १७८ अंश

मॉनिटर घ्यायला गेलं की दुकानदार खोक्यावरचा एक आकडा हमखास दाखवतो: व्ह्यूइंग अँगल १७८ अंश. कुठूनही बघा, चित्र तसंच दिसणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात हा कोन मोजताना बहुतेक कंपन्या एवढंच पाहतात, की पांढऱ्या आणि काळ्यातला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, १०:१ च्या खाली जाऊ नये. समोरून १०००:१ असलेला पडदा कडेने १०:१ वर उतरला, तरी तो या परीक्षेत पास! रंग किती बिघडले, हे त्यात धरलेलंच नसतं. म्हणून आयपीएस आणि व्हीए या दोन्ही प्रकारच्या एलसीडी पॅनेलांवर १७८ छापलेलं असतं; व्हीएवरचे गडद रंग मात्र जरा बाजूला सरकलं तरी फिकट पडतात. निव्वळ या आकड्यावर मॉनिटर निवडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘मी एकटाच समोर बसतो, मला कोनाशी काय करायचंय?’ हा समज जास्त महागात पडतो. २४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच असतो. त्याच्यापासून ५० सेंमीवर अगदी मधोमध बसलात, तरी डावी-उजवी कड सुमारे २८ अंशांनी तिरपी दिसते. नजर वरच्या कडेच्या पातळीत असेल, तर खालची कड ३१ अंशांनी. स्वस्तातल्या टीएन पॅनेलला वर-खालचा एवढा तिरकेपणा सोसत नाही. त्यावर पडदाभर एकच राखाडी रंग लावा आणि नजर मध्यावर ठेवा: वरचा भाग गडद, खालचा फिकट. आडवं पडून खालून पाहिलं तर माणसांचे चेहरे चक्क निगेटिव्हसारखे दिसतात.

कारण आतल्या द्रवस्फटिकांत आहे. टीएनमध्ये विद्युतदाब मिळाला की त्यांचे रेणू काचेपासून उठून एका बाजूला कलतात, त्यामुळे दिशा बदलली की प्रकाशही कमी-जास्त होतो. हिताचीने १९९० च्या दशकात बाजारात आणलेल्या आयपीएसमध्ये ते काचेला समांतर राहूनच फिरतात. म्हणून रंग टिकतात.

म्हणजे आयपीएस निर्दोष, असंही नाही. अंधाऱ्या खोलीत काळं दृश्य लागलं की कोपऱ्यांत धूसर उजेड दिसतो आणि लोक ‘पीस खराब आहे’ म्हणून मॉनिटर परत करतात. डोकं हलवून किंवा मागे सरकून पाहा. उजेड बदलला, तर तो आयपीएसचा स्वभाव; जागचा हललाच नाही, तर बॅकलाइट कडेतून झिरपतोय, आणि मग जरूर तक्रार करा. अंधारात, समोर बसून सिनेमे पाहणाऱ्याला साधारण ३०००:१ कॉन्ट्रास्टचा व्हीए अधिक समाधान देईल. फोटोंचं काम असेल तर आयपीएसच.

‘एलईडी’ किंवा ‘फोर-के’ लिहिलंय म्हणून रंग चांगले असतील, असंही नाही. ‘एलईडी’ हा बहुतेकदा एलसीडीमागचा दिवा असतो आणि फोर-के ही ठिपक्यांची संख्या. दुकानात फिरत्या जाहिरातीऐवजी एकरंगी राखाडी चित्र लावायला सांगा. मग समोर उभं राहून, खाली वाकून आणि दोन्ही बाजूंनी पाहा.