विश्लेषण : जुना व्हिडीओ गेम पुन्हा सुरू कसा करावा?

माळ्यावर पडलेला व्हिडीओ गेम आणि ‘डब्बा’ टीव्ही दुरुस्त करण्याचा छंद अनेकांना खुणावतो. पण सुरुवात कुठून करायची आणि कुठे थांबायचे?

पहिले काम कोणते?

अडॅप्टर तपासणे. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२० आणि भारतात २३० व्होल्टची. परदेशातून आणलेला मूळ अडॅप्टर आपल्या प्लगमध्ये थेट लावल्यास जळू शकतो. निन्टेन्डोच्या १९८३ मधील ‘फॅमिकॉम’ला १० व्होल्ट डीसी लागते आणि पिनेचा मधला भाग ऋण असतो, आजच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये तो धन असतो. भारतात घरोघरी पोहोचल्या त्या प्रामुख्याने फॅमिकॉमच्या नकला. त्यांची गरज वेगळी असू शकते. त्यामुळे पिन बसली तरी संचावर छापलेले व्होल्टेज आणि खूण वाचूनच बटण दाबावे.

कॅसेट लागत नसेल तर?

बहुतेकदा दोष कॅसेटच्या धातूच्या पट्ट्यांवरील मळाचा असतो. फुंकर मारू नये. तिच्यातील ओलाव्याने पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. काही कॅसेटमध्ये बटण सेल असतो. तो काढला की जतन केलेला खेळ पुसला जातो.

आतले काय बिघडते?

कपॅसिटर. सेगाच्या १९९० मधील ‘गेम गिअर’मध्ये ते गळून आवाज क्षीण होणे, पडदा अंधुक होणे हा नेहमीचा आजार. ते बदलता येतात, मात्र सोल्डरिंगचा हात आधी टाकाऊ बोर्डावर बसवावा.

जुनाच टीव्ही का हवा?

‘डक हंट’चे उदाहरण घ्या. बंदुकीचा चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतील सेन्सर तो प्रकाश टिपतो. एलसीडी टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते, त्यामुळे नेम कितीही अचूक असला तरी बदक पडत नाही.

टीव्ही स्वतः उघडावा का?

नाही. रंगीत पिक्चर ट्यूबला २० ते २५ हजार व्होल्टचा दाब दिला जातो आणि प्लग काढल्यानंतरही ट्यूबमध्ये विद्युतभार उरू शकतो. आत निर्वात पोकळी असल्याने काच फुटली तर तुकडे जोरात उडतात. नवशिक्याने बाहेरची धूळ, केबल आणि सेटिंग एवढेच पाहावे. चित्र कृष्णधवल दिसले किंवा वरखाली सरकू लागले, तर टीव्ही बिघडलाच असे समजू नये. भारतीय टीव्ही ‘पाल’ पद्धतीचे, तर जपानी गेम ‘एनटीएससी’ पद्धतीचे असतात.

बाकीचे काम जुन्या टीव्ही मेकॅनिककडे सोपवावे. या ट्यूबचे उत्पादन आता जवळपास थांबले आहे. त्यामुळे घाईत फोडलेल्या ट्यूबच्या जागी नवी मिळणे कठीण.